मदतनिधीसाठी ऑल-स्टार बास्केटबॉल सामना : गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजात असताना मी फोंड्यात खेळलो. गेली काही वर्षं स्कोअरशीट घेऊन टेबलावर बसतो. दोन गटांतल्या कॉलेजांचे निवडक खेळाडू समोरासमोर उतरवायचे आणि त्यातून कुणाच्या तरी उपचारासाठी चार पैसे उभे करायचे, अशा सामन्याची तयारी सुरू झाली की फोन सुरू होतात. विद्यार्थी, पालक, पीई शिक्षक, क्लबवाले, सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. ते इथे एकत्र करून उत्तरं दिली आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑल-स्टार सामना म्हणजे नेमकं काय? इंटरकॉलेज फायनलपेक्षा त्यात वेगळं काय?

इंटरकॉलेजमध्ये एक कॉलेज दुसऱ्याशी भिडतं. ऑल-स्टारमध्ये एका लीगमधल्या सगळ्या कॉलेजांतून बारा जण निवडले जातात आणि ते एकाच रंगाची जर्सी घालतात. परवापर्यंत रिबाउंडला ज्याचं कोपर बरगडीत बसलं, त्यालाच आज पास द्यायचा असतो. या निकालाने कुठलाही गुणतक्ता हलत नाही आणि चषकही कपाटात जात नाही. प्रेक्षक मात्र पैसे मोजून येतो, आणि तो पैसा आधीच जाहीर केलेल्या कामासाठी असतो. म्हणून खेळाडूवर दोन जबाबदाऱ्या येतात. खेळ खरा असला पाहिजे आणि पैसा पूर्ण पोचला पाहिजे. खालचे बहुतेक प्रश्न यातल्याच एका जबाबदारीपाशी येऊन थांबतात.

२. प्रतिस्पर्धी लीग म्हणता, पण गोव्यात तर बहुतेक कॉलेजं एकाच विद्यापीठाची. दोन लीग आणायच्या कुठून?

दोन लीगचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण फिलिपिन्सचं आहे. तिथे बास्केटबॉल गल्लीबोळात खेळला जातो. मनिलात दोन मोठ्या महाविद्यालयीन लीग आहेत, १९२४ पासूनची एनसीएए (अमेरिकेतल्या त्याच नावाच्या संस्थेशी गल्लत नको) आणि १९३८ पासूनची यूएएपी. पहिलीतून बाहेर पडलेल्या विद्यापीठांमुळेच दुसरी उभी राहिली. पुढे १९७८ मध्ये आतेनेओ आणि १९८६ मध्ये दे ला साल ही दोन मोठी नावंही यूएएपीत आली. त्यामुळे या दोन लीगचे निवडक खेळाडू समोरासमोर आले की भावकीतल्या वाटणीची आठवण निघाल्यासारखं होतं. नुसत्या खेळाच्या बळावर एवढा प्रेक्षक येत नाही, त्याला असा जुना हिशेब लागतो.

आपल्याकडे गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं आणि बहुतेक कॉलेजं त्याच्याच छत्राखाली आहेत. तरी दोन गट पाडायच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे एका बाजूला विद्यापीठाची संलग्न कॉलेजं आणि दुसऱ्या बाजूला विद्यापीठाबाहेरच्या संस्था, म्हणजे झुआरीनगरचा बिट्स पिलानीचा कॅम्पस, कुंकळ्ळीची एनआयटी, साखळीची जीआयएम (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट). खेळाच्या दृष्टीने ही लढत उत्तम होते. अडचण अशी की या संस्थांतली मुलं देशभरातून आलेली असतात. त्यांच्या बाजूने ओरडायला आई, मावशी, वाड्यावरची पोरं नसतात आणि स्टँडचा अर्धा भाग गप्प राहतो.

दुसरी वाट उत्तर गोवा विरुद्ध दक्षिण गोवा. माझं मत हिच्याच बाजूने आहे. म्हापसा आणि मडगाव एवढे दोन शब्द पोस्टरवर आले की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

३. मग फोंड्याची कॉलेजं कुठल्या संघात? आम्ही स्वतःला दक्षिणेचे समजत नाही.

हा वाद दरवेळी होतो आणि तो खरा आहे. फोंडा तालुका २०१५ च्या जानेवारीत उत्तर गोवा जिल्ह्यातून दक्षिण गोव्यात गेला. कागदावर फोंडा तालुक्यातली फर्मागुढी आता दक्षिणेत. पण ज्यांच्या घरात आधीपासून उत्तर म्हणायची सवय आहे त्यांना ते पटकन पचत नाही. नियम एकच ठेवा : सामन्याच्या दिवशी कॉलेज ज्या जिल्ह्यात आहे तोच संघ. खेळाडूचं घर पाहू नका. पेडण्याचा मुलगा मडगावात शिकत असेल तर तो दक्षिणेचा. एकाला सूट दिली की दुसरा आजोळाचं गाव सांगतो. ट्रायलच्या नोटिशीतच हे लिहा.

४. बास्केटबॉल खेळून मदत गोळा करायची पद्धत कुठून आली?

बास्केटबॉलचा जन्म १८९१ चा, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांना आत खेळवण्यासाठी पीचच्या टोपल्या भिंतीला लावल्या. पण मदतीच्या सामन्याची गोष्ट सांगायची तर मी मॉरिस स्टोक्सची सांगतो.

स्टोक्स हा सिनसिनाटी रॉयल्स या अमेरिकी व्यावसायिक संघाचा खेळाडू, १९५६ चा सर्वोत्तम नवोदित. १२ मार्च १९५८ च्या सामन्यात तो पडला आणि डोकं जमिनीवर आपटलं. शुद्धीवर येऊन तो पुन्हा खेळलाही. तीन दिवसांनी विमानात त्याला झटका आला आणि त्यानंतर शरीर लुळं पडलं. त्याचा सहकारी जॅक ट्वायमन त्याचा कायदेशीर पालक झाला. एक कृष्णवर्णीय आणि एक गोरा खेळाडू, काळ १९५० च्या दशकातल्या अमेरिकेचा, हे लक्षात घ्या. उपचाराचा खर्च डोंगराएवढा. तो भागवायला न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिलमधल्या एका हॉटेलच्या कोर्टावर दर उन्हाळ्यात मदतीचा सामना भरू लागला, आणि त्या काळचे मोठमोठे व्यावसायिक खेळाडू तिथे येऊन खेळायचे. १९७० मध्ये स्टोक्स गेला. सामना चालूच राहिला, आता दुसऱ्या गरजू माजी खेळाडूंसाठी. पुढे विम्याच्या आणि लीगच्या निर्बंधांमुळे बास्केटबॉल थांबला आणि त्या जागी गोल्फ आला. मदतीच्या सामन्यात पडून एखादा मोठा खेळाडू जायबंदी झाला तर काय, ही ती भीती. आपल्यालाही तिचा विचार करावा लागतो (प्र. १६ पाहा).

५. नियम नेहमीचेच असतात ना?

हो, फिबाचेच (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे) ठेवा. दहा मिनिटांचे चार क्वार्टर, २४ सेकंदांचं शॉट क्लॉक (तेवढ्या वेळात बास्केटवर बॉल टाकावाच लागतो), २८ बाय १५ मीटरचं कोर्ट, ३.०५ मीटरवर रिंग, ६.७५ मीटरवर तीन गुणांची रेषा. पाचवा फाउल झाला की खेळाडू बाहेर. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या फाउलला दोन फ्री थ्रो.

फक्त एक गोष्ट आधी ठरवा. बाराही जणांना किमान किती वेळ कोर्टवर मिळणार? आम्ही दोन्ही कोचना सांगतो की तिसरा क्वार्टर संपेपर्यंत प्रत्येकजण उतरलेला हवा. चौथ्या क्वार्टरमध्ये कोचला मोकळीक. पेडण्याहून कदंब बस धरून आलेल्या आईवडिलांनी आपला मुलगा फक्त बेंचवर पाहायचा, हे बरोबर नाही.

६. सामना बरोबरीत सुटला तर? मैत्रीपूर्ण आहे, मग दोघांनाही विजयी का करू नये?

करू नका. पाच मिनिटांचा जादा वेळ द्या, तरी बरोबरी राहिली तर आणखी पाच. प्रेक्षक दोन तास ज्यासाठी ओरडला ते त्याला मिळालं पाहिजे. हॉलची वेळ संपत आली असेल तर जादा वेळाऐवजी लक्ष्य-गुणांची पद्धत वापरता येते, ती पुढच्या उत्तरात आहे.

७. अशा सामन्यात खेळाडू खरंच जीव तोडून खेळतात का? मी पाहिलेला सामना म्हणजे नुसते डंक आणि हसणं होतं.

तुमची तक्रार रास्त आहे. प्रत्यक्ष एनबीएला, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगलाही ती भेडसावते. २०२४ च्या त्यांच्या ऑल-स्टारमध्ये पूर्व संघाने २११ गुण केले. बचाव कुणी करतच नव्हतं, आणि त्यावर सगळीकडून टीका झाली.

त्याआधी २०२० मध्ये शिकागोत मात्र वेगळं घडलं होतं. पहिल्या तीन क्वार्टरांपैकी प्रत्येक क्वार्टर जिंकणाऱ्या संघाच्या नावाने एका सेवाभावी संस्थेला एक लाख डॉलर ठेवले होते. चौथ्या क्वार्टरला घड्याळच बंद. आघाडीवर असलेल्या संघाच्या १३३ गुणांत २४ मिळवून १५७ हे लक्ष्य ठरवलं, जो आधी गाठेल तो जिंकला. २४ हा आकडा त्याच वर्षी जानेवारीत अपघातात गेलेल्या कोबी ब्रायंटच्या जर्सीचा. शेवटी शेवटी ते खेळाडू अक्षरशः एकमेकांना अडवत होते, चार्ज घेत होते, म्हणजे धावत येणाऱ्याची धडक अंगावर झेलत होते. सामना १५७-१५५ असा संपला, तोही फ्री थ्रोवर.

आपण यातून दोन गोष्टी उचलाव्यात. एक, प्रत्येक क्वार्टर वेगळा मोजा आणि प्रत्येक क्वार्टरमागे एक प्रायोजक ठेवा. जिंकणारी बाजू कोणतीही असो, पैसा त्याच रुग्णाला जातो, पण फलकावर 'हा क्वार्टर दक्षिणेचा' असं लागलं की उत्तरेची मुलं हात आखडता घेत नाहीत. दोन, चौथ्या क्वार्टरला लक्ष्य-गुण ठेवा. आपल्या मुलांचे गुण कमी होतात, म्हणून २४ ऐवजी १५ पुरे.

आणि ज्याच्यासाठी खेळतो आहोत त्याला किंवा त्याच्या घरच्यांना, त्यांची इच्छा असेल तर, पहिल्या रांगेत बसवा. एका संध्याकाळी रुग्णाचे वडील बेंचच्या मागेच बसले होते, हाताची घडी, पायात साध्या चपला. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं. प्रत्येक बास्केटला, मग ती कुठल्याही बाजूची असो, ते टाळी वाजवत होते. त्या दिवशी एकानेही सैल पास टाकला नाही.

८. खेळाडू कसे निवडायचे? सोशल मीडियावर मतदान घेतलं तर प्रसिद्धीही होईल.

प्रसिद्धी होईल, पण ज्या कॉलेजची पटसंख्या जास्त त्याचीच मुलं निवडून येतील. बारापैकी दोन जागा मतदानाला ठेवा. दहा जागा त्या हंगामात प्रत्यक्ष सामने पाहिलेल्या कोच आणि पंचांनी भराव्यात. एका कॉलेजचे तीनपेक्षा जास्त खेळाडू नकोत, नाहीतर ते ऑल-स्टार राहत नाही. निवड झालेल्या खेळाडूच्या कॉलेजचं परवानगीपत्र लेखी घ्या, तोंडी होकारावर राहू नका.

९. माजी विद्यार्थी खेळले तर चालेल का?

चालेल, पण मुख्य सामन्यात नको. त्यांच्यासाठी आधी दहा मिनिटांचा थ्री-बाय-थ्री, म्हणजे तिघा-तिघांचा सामना ठेवा. अर्धं कोर्ट, १२ सेकंदांचं शॉट क्लॉक, २१ गुण आधी करेल तो विजयी. तिशी-चाळिशीतल्या गुडघ्यांना तेवढंच झेपतं, आणि तिकिटं मात्र हीच मंडळी सगळ्यांत जास्त विकतात.

१०. मुलींचा सामना वेगळा ठेवायचा की मिश्र संघ?

वेगळा, पूर्ण चाळीस मिनिटांचा, सहा नंबरच्या बॉलने (मुलांना सात नंबरचा). मिश्र संघात मुलीला बॉल मिळतो तो टाळ्यांसाठी, खेळासाठी नव्हे. असं मी वारंवार पाहिलं आहे.

आणि वेळेचं बघा. मुलींचा सामना दुपारी तीनला, रिकाम्या स्टँडसमोर उरकायचा आणि 'मेन मॅच' म्हणून मुलांचा सहाला, हे बंद झालं पाहिजे. दोन्ही सामने संध्याकाळीच ठेवा आणि कोणता आधी हे नाणेफेकीने ठरवा. नाणं उडवण्यात दोन मिनिटं जातात, पण ज्या मुली रोज पहाटे उठून सराव करतात त्यांना आपण मोजले गेलो असं वाटतं.

११. सामना कुठे घ्यावा? आमच्या कॉलेजचं उघडं सिमेंटचं कोर्ट चालेल का?

डिसेंबर ते फेब्रुवारी असेल आणि शे-दीडशे प्रेक्षक असतील तर चालेल. पण दव पडू लागलं की सिमेंट निसरडं होतं, आणि पावसाळ्यानंतर कोपऱ्यांतलं शेवाळ घासून काढल्याशिवाय तिथे कुणाला पळवू नका.

मोठा सामना असेल तर २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धांसाठी उभी राहिलेली नावेलीची आणि ताळगावची इनडोअर स्टेडियम आहेत, म्हापशात पेडेचं संकुल आहे. भाडं, अनामत आणि तारखा यांची चौकशी तीन महिने आधी करा. तटस्थ जागेचा आग्रह कुणी धरला तर एक वर्ष उत्तरेत, एक वर्ष दक्षिणेत, असं आलटूनपालटून ठेवा.

इनडोअरला एक साधी गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे फडकी. आपल्या दमट हवेत लाकडी फ्लोअरवर घाम पडला की तो तसाच राहतो. दोन्ही रिंगांखाली शाळेतली दोन-दोन मुलं, हातात सुकी सुती फडकी, आणि कुणी पडला की पंचाने हात वर करताच धावत जाऊन पुसायचं. स्वच्छ दिसेपर्यंत नाही, बुटाचा तळ कर्रकन वाजेपर्यंत पुसायचं. अशाने किती गुडघे वाचतात ते पंचांना विचारा.

१२. तारीख कोणती धरावी?

चवथ, दिवाळी, सत्रपरीक्षा, ३ डिसेंबरचं जुने गोव्याचं फेस्त, नाताळ, कार्निव्हल, शिगमा हे सगळं वगळा, आणि गावागावांच्या जत्रा तिथीप्रमाणे येतात त्याही पंचांगात बघून घ्या. जे चार-पाच शनिवार उरतात त्यांतला एक. १९ डिसेंबरला मुक्तिदिनाची सुट्टी असते, पण त्या दिवशी मैदानं आणि बँडपथकं बहुधा आधीच कार्यक्रमांत गुंतलेली असतात.

सामना उघड्यावर असेल तर रात्री दहाच्या आत संपवा. दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. जादा वेळ धरून मागे मोजत या, म्हणजे पहिला सामना पाचला सुरू करावा लागतो हे लक्षात येईल.

१३. खर्च कशाकशाचा होतो, आणि तो तिकिटांच्या पैशातून वळता करायचा का?

खर्च हॉल, पंच आणि टेबल ऑफिशियल, जर्सी, बॉल, पाणी, बर्फ, अँब्युलन्स, ध्वनी, छपाई आणि खेळाडूंच्या प्रवासाचा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ठाम आहे : नाही.

यावर माझं बऱ्याच जणांशी पटत नाही. ते म्हणतात, खर्च वजा करून उरेल ते देऊ, सगळीकडे तसंच चालतं. पण तिकिटावर आपण छापतो 'अमक्याच्या उपचारासाठी'. शंभर रुपये देणाऱ्या माणसाच्या डोळ्यासमोर ते शंभर रुपये रुग्णाच्या उशाशी गेलेले असतात. त्यातले साठ जर्सीत गेले हे त्याला नंतर कळलं तर पुढच्या वर्षी तो येत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून खर्चाला वेगळे प्रायोजक शोधा. कुणी पाणी देतं, कुणी जर्सी, कुणी बस. प्रायोजक जमले नाहीत तर सामना लहान करा, उघड्या कोर्टवर घ्या, जुन्या जर्सींवर नंबर चिकटवा. पदरमोड करावी लागली तर ती आयोजकांची.

१४. तिकीट किती ठेवावं? जीएसटी लागतो का?

अशा सामन्याच्या प्रवेशाला माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी लागत नाही. त्याच्या वर कशाला जायचं? विद्यार्थ्याला पन्नास आणि इतरांना शंभर ठेवा. ज्याला जास्त द्यायचं आहे त्याला तिकिटाऐवजी देणगीची पावती द्या. तिकिटांना क्रमांक हवेत, प्रत्येक बुक कुणाकडे गेलं याची वही हवी, आणि न विकलेली तिकिटं परत मोजून घ्यायची.

१५. पैसे कुठल्या खात्यात घ्यायचे? एका मुलाच्या यूपीआयवर घेतले तर सोपं जातं.

सोपं जातं, आणि तिथेच घोटाळा होतो. एका सामन्यात मी स्वतः हे भोगलं आहे. पैसे एका सद्गृहस्थाच्या वैयक्तिक खात्यात गेले, मग ते परगावी, मग त्यांचं चेकबुक संपलं. ज्या पोरीसाठी खेळलो तिची शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, तरी आमचं घोंगडं भिजतच पडलं होतं. पैसा शेवटी मिळाला, पण त्या महिन्यांत तिच्या आईशी बोलताना मला मान वर करता येत नव्हती.

म्हणून नोंदणीकृत संस्थेच्या किंवा कॉलेजच्या खात्यातच घ्या, दोन सह्यांवर चालणाऱ्या. दारावरची रोकड त्याच रात्री, दोन्ही संघांच्या कप्तानांसमोर मोजायची. टेबलावर नोटांच्या गड्ड्या, घामेजलेल्या खिशांतून आलेल्या, थोड्या ओलसर. एकजण मोजतो, दुसरा पुन्हा मोजतो, तिसरा लिहितो. आकडा लिहिला की दोघा कप्तानांच्या सह्या. ज्या मुलांनी तासाभरापूर्वी एकमेकांना ब्लॉक केलं ती तिथे डोकी जुळवून दहाच्या नोटा सरळ करत बसलेली असतात.

१६. खेळाडूला दुखापत झाली तर जबाबदारी कुणाची?

आयोजकांची, आणि हे खेळाडूच्या घरी आधी सांगितलं पाहिजे. कॉलेजच्या विद्यार्थी विम्यात अशी बाहेरची मॅच धरली जाते का ते लेखी विचारा. नसेल तर त्या दिवसापुरता गट अपघात विमा घ्या, आणि त्याचा खर्च प्र. १३ मधल्या प्रायोजकांकडून. हॉलच्या दारात अँब्युलन्स उभी ठेवा. ते जमत नसेल तर १०८ ला किती वेळ लागतो याचा अंदाज आधी घ्या. बर्फ, क्रेप बँडेज, स्प्लिंट टेबलाखाली हवंच. डोक्याला मार लागलेला खेळाडू कितीही 'मी ठीक आहे' म्हणाला तरी त्याला पुन्हा कोर्टवर पाठवू नका. स्टोक्सची गोष्ट (प्र. ४) मी प्रत्येक कोचला सांगतो ती यासाठी.

१७. खेळाडूंना मानधन किंवा रोख बक्षीस द्यावं का?

नाही. प्रवासखर्च, जेवण आणि जर्सी तेवढी द्या. सर्वोत्तम खेळाडूला सामन्याचा बॉल, सगळ्यांच्या सह्या करून.

१८. निधी एका रुग्णाला द्यावा की संस्थेला? रुग्ण कसा निवडायचा?

लोक एका माणसासाठी जास्त देतात, हे खरं. पण निवड अवघड असते. मुलाचा फोटो पोस्टरवर लावायचा का, हा तर त्याहून नाजूक प्रश्न. आम्ही लावत नाही. नाव न छापता आजार आणि गरज एवढंच सांगतो.

आधी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा ज्या इस्पितळात उपचार चालू आहेत तिथल्या डॉक्टरांशी, घरच्यांच्या संमतीने, बोला. राज्य सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत काय बसतं आणि काय बसत नाही ते पाहा. बऱ्याचदा शस्त्रक्रियेचा खर्च योजनेत बसतो. खरी ओढाताण असते ती बाहेरून आणायच्या औषधांची, राज्याबाहेर जावं लागलं तर मुक्कामाची, आणि रुग्णाजवळ राहणाऱ्याची रोजंदारी बुडते त्याची. हे कुठल्याच बिलात येत नाही. मला विचाराल तर आपल्यासारख्या लहान सामन्याने नेमकं हेच उचलावं.

१९. जमलेली रक्कम गरजेपेक्षा जास्त झाली, किंवा सामन्याआधीच रुग्ण गेला तर?

यावर आधीच निर्णय लिहून ठेवावा लागतो, त्या क्षणी कुणाचं डोकं चालत नाही. तिकिटाच्या मागे एक ओळ छापा : 'शिल्लक राहिल्यास ती याच आजाराच्या दुसऱ्या रुग्णासाठी वापरली जाईल.' रुग्ण गेला असेल तर घरच्यांना विचारा. इस्पितळाची थकबाकी असते, कर्ज असतं, ते आधी. सामना घ्यायचा की नाही हेही त्यांनाच ठरवू द्या.

२०. मी देणगी दिली तर आयकरात ८०जी ची सवलत मिळेल का?

घेणारी संस्था त्या सवलतीसाठी मान्यताप्राप्त असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तरच. २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. थेट रुग्णाला दिलेल्या पैशावर सवलत नाही. तिकिटावरही नाही, कारण त्याच्या बदल्यात तुम्ही सामना पाहिला.

२१. माझा भाऊ लंडनला असतो. त्याने पैसे पाठवले तर चालतील?

गोव्यात हा प्रश्न हमखास येतो. भावाकडे पासपोर्ट कुठला, हे आधी पाहा. भारतीय पासपोर्ट असेल आणि तो आपल्या कमाईतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवत असेल तर ती विदेशी देणगी ठरत नाही. पण त्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असूनही तो कायद्याने परदेशी नागरिक. त्याची देणगी फक्त एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते, तीही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यात. आपल्या क्लबाकडे ती नोंदणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. रुग्ण त्याचा स्वतःचा नातेवाईक असेल तर गोष्ट वेगळी, त्याने घरच्यांना थेट पाठवावं आणि आपण मध्ये पडू नये. रक्कम मोठी असेल तर चार्टर्ड अकाउंटंटला विचारल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

२२. सामन्यात जर्सीचा लिलाव करता येईल का?

जरूर, आणि तो आपल्या पद्धतीने करा. जत्रेनंतर देवळात पावणी होते, देवाला आलेला नारळ, केळ्यांचा घड यांची बोली लागते, ती आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. तसाच बोली बोलणारा एक खणखणीत आवाजाचा माणूस हाफटाइमला कोर्टच्या मधोमध उभा करा. हाफटाइम पंधरा मिनिटांचा असतो, त्यात तीनच वस्तू घ्या. बोली लावणाऱ्याने त्याच रात्री पैसे भरायचे. उधारी नको. रॅफलची कुपनं मात्र सरसकट छापू नका, तो प्रकार लॉटरीच्या कायद्याकडे झुकतो. आधी कायदेशीर सल्ला घ्या.

२३. वीज गेली किंवा पाऊस आला आणि सामना अर्धवट राहिला तर तिकिटाचे पैसे परत द्यायचे का?

मागेल त्याला परत द्या, तोंड वाकडं न करता. बहुतेक जण मागत नाहीत. दोन क्वार्टर पूर्ण झाले असतील तर तेवढ्यावर निकाल धरावा, असं आधी जाहीर करा.

२४. राजकीय पाहुणे बोलवावेत का?

आले तर स्टँडमध्ये स्वागत. भाषण नको, आणि निवडणूक आचारसंहिता लागलेली असेल तर व्यासपीठही नको.

२५. हिशेब किती दिवसांत द्यावा, आणि कसा?

पंधरा दिवसांत. एका कागदावर विकलेली तिकिटं, जमलेली रोकड, बँकेत आलेली रक्कम, लिलाव, आणि रुग्णाच्या घरी किंवा इस्पितळात भरलेली रक्कम पावतीसह. दुसऱ्या कागदावर खर्च आणि तो कुणी उचलला. रुग्णाचं नाव झाकून दोन्ही कागद प्रत्येक सहभागी कॉलेजच्या नोटीसबोर्डवर. मुलांनी तिकिटं विकलेली असतात, शेजाऱ्यांच्या दारात जाऊन. ती नोटीसबोर्डासमोर थांबतात, बोट लावून आपल्या बुकाचा नंबर शोधतात.

२६. मला खेळता येत नाही. मी काय करू शकतो?

टेबलावर बसायला शिका. स्कोअरशीटवर चालू गुणांच्या स्तंभात दोन गुणांना तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, तीन गुणांना खेळाडूच्या नंबराभोवती वर्तुळ. दोन संध्याकाळी सरावाच्या सामन्यांना माझ्याशेजारी बसलात तर हात बसेल. टेबलावर स्कोअरर, सहायक, टायमर, शॉट क्लॉक अशी चार माणसं लागतात आणि दोन सामने म्हणजे एकाच चौघांनी सलग बसणं कठीण. फडक्यांसाठीही मुलं हवी असतात. सरावाच्या दिवशी साडेचारला या, सुकं फडकं घरून आणा.